डिजिटल केबल महाग घेतली म्हणजे आवाज सुधारतो का?

दूरचित्रवाणी संच आणि साऊंडबार किंवा होम थिएटर यांची निवड झाली, किंमत ठरली, की दुकानाच्या काउंटरवर एक शेवटचा प्रश्न उरतो. या दोन उपकरणांना जोडणारी केबल कोणती घ्यायची? दोन-तीनशे रुपयांची साधी केबल मिळते आणि सोन्याचा मुलामा दिलेली, जाड वेष्टनाची, कित्येक हजार रुपयांची केबलही मिळते. महाग केबलमुळे ‘आवाज खुलतो’, ‘बास भरीव होतो’, ‘गाण्यातले बारकावे उमटतात’ असे सांगितले जाते. मौद्याहून सुमारे ३५ किलोमीटरवरच्या नागपूरला येऊन सीताबर्डीच्या बाजारात खरेदी करणाऱ्या कुटुंबाला अशा दाव्यांची शहानिशा करण्यास त्या क्षणी ना सवड असते, ना साधन. एवढा मोठा खर्च केलाच आहे, तर थोड्यासाठी कसर कशाला ठेवायची, या विचाराने पैसे मोजले जातात.

हा खर्च सार्थकी लागतो काय? याचे उत्तर केबलमधून काय वाहते यावर अवलंबून आहे. केबलमधून प्रत्यक्ष ध्वनीची विद्युत प्रतिमा वाहत असेल, तर केबलच्या गुणदोषांची छाया ध्वनीवर पडू शकते. केबलमधून केवळ आकडे वाहत असतील, तर प्रश्न एवढाच राहतो की ते आकडे पलीकडे जसेच्या तसे पोहोचले की नाही. डिजिटल केबल या दुसऱ्या प्रकारात मोडते.

आवाजाचे आकडे कसे होतात?

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. मायक्रोफोन त्याचे रूपांतर विद्युत दाबाच्या चढउतारात करतो. तानपुऱ्याची तार जशी कंप पावते तसा हा दाबही हेलकावतो. अशा संकेताला अॅनालॉग म्हणतात. त्याचा प्रत्येक सूक्ष्म हेलकावा अर्थपूर्ण असल्याने वाटेत मिसळलेली खरखरही ध्वनीचाच भाग बनते आणि पुढे ती वेगळी काढता येत नाही.

डिजिटल पद्धतीत या हेलकाव्यांची ठरावीक अंतराने मोजणी केली जाते. ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी ही मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते आणि प्रत्येक मोजणी १६ अंकी द्विमान संख्येत लिहिली जाते. डावी व उजवी अशा दोन वाहिन्या धरल्या की सेकंदाला १४,११,२०० शून्ये व एक तयार होतात. वसंतराव देशपांडे यांचे नाट्यगीत असो वा एखाद्या चित्रपटातील स्फोट, केबलच्या लेखी दोन्ही केवळ शून्य आणि एक यांच्या रांगा असतात.

या रांगांचे पुन्हा ध्वनीत रूपांतर करणारा भाग म्हणजे डिजिटल-अॅनालॉग रूपांतरक, अर्थात डीएसी. तो साऊंडबारमध्ये, अॅम्प्लिफायरमध्ये किंवा स्वतंत्र डबीत असतो. डिजिटल केबल नेहमी या डीएसीच्या अलीकडे असते. ‘बास’, ‘ट्रेबल’, ‘गोडवा’ या गोष्टी डीएसीच्या पलीकडच्या प्रदेशात जन्माला येतात. केबलमधून जाणाऱ्या आकड्यांत बासचे आकडे वेगळे आणि ट्रेबलचे आकडे वेगळे असे काही नसते. त्यामुळे एखादी केबल बास वाढवते असे म्हणणे म्हणजे तिने हजारो आकडे अचूक हिशेबाने बदलले असे म्हणणे होय. तांब्याच्या किंवा काचेच्या तंतूला ते साधणारे नाही.

भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. ज्यांनी ती पाहिली आहे त्यांना ही गोष्ट चटकन उमगेल. कडकट्ट वाजणाऱ्या ठोक्यांतून मजकूर पोहोचत असे. खांबांवरची तार नवी असो की गंजलेली, ठोके ओळखू येईपर्यंत मजकूर तोच राही. तार जाड असल्यामुळे शुभवार्ता अधिक शुभ झाली असे कधी घडले नाही. ठोके ओळखू येईनासे झाले, तर मात्र अक्षरेच गळत.

उंबरठ्याचे गणित

केबलमध्ये शून्य आणि एक प्रत्यक्ष लिहिलेले नसतात. तिथेही विद्युत दाबच असतो, तिथेही खरखर मिसळते, लांबीबरोबर संकेत क्षीण होतो, त्याच्या कडा बोथट होतात. हे सर्व खरे आहे आणि महागड्या केबलच्या जाहिराती याच सत्यावर उभ्या असतात. त्या एवढेच सांगत नाहीत की, घेणारे उपकरण त्या दाबाची हुबेहूब नक्कल करीत नाही. ते फक्त एक निर्णय घेते. दाब उंबरठ्याच्या वर आहे की खाली? आणि तो निर्णय झाला की खरखर, क्षीणता, बोथटपणा हे सारे मागे पडते आणि स्वच्छ, नवा संकेत तयार होतो.

घरगुती कोअॅक्सियल जोडणीत संकेताची चढउतार सुमारे अर्धा व्होल्ट असते आणि तो ०.२ व्होल्टपर्यंत घसरला तरी घेणाऱ्या उपकरणाने तो ओळखावा अशी मानकाची अपेक्षा आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक घट झाली तरी आकडे शाबूत राहतात. दूरसंदेशवहनातील या विचाराचा गणिती पाया क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये घातला. वाहिनीत गोंगाट असूनही, तिच्या क्षमतेच्या मर्यादेत राहिल्यास माहिती नगण्य चुकीने पोहोचवता येते, हे त्यांनी सिद्ध केले. आजचे मोबाइल, इंटरनेट आणि उपग्रह वाहिन्या त्याच पायावर उभ्या आहेत.

या दोन पद्धतींतील फरक मौद्यात उघड्या डोळ्यांनी आणि कानांनी पडताळता येतो. कन्हान नदीकाठच्या या तालुक्यात एनटीपीसीचे औष्णिक विद्युत केंद्र आहे. ५०० मेगावॉटचे दोन आणि ६६० मेगावॉटचे दोन असे संच मिळून त्याची क्षमता २,३२० मेगावॉट आहे. तेथून निघणाऱ्या उच्चदाब वाहिन्यांचे मनोरे शेताशेतांतून गेलेले दिसतात. अशा वाहिनीखाली, विशेषतः पावसाळी हवेत, मध्यम लहरींवरचा ट्रान्झिस्टर लावला तर चरचर ऐकू येते. तारांभोवतीच्या हवेत सूक्ष्म विद्युत विसर्जन होत असते आणि मध्यम लहरींच्या प्रक्षेपणात ध्वनी लहरीच्या उंचीतच साठवलेला असल्याने ती चरचर थेट निवेदकाच्या आवाजात मिसळते.

आता त्याच प्रकारच्या मनोऱ्यांकडे पुन्हा पाहावे. विजेपासून संरक्षणासाठी अगदी वरच्या टोकाला एक बारीक तार ओढलेली असते. अनेक आधुनिक वाहिन्यांवर या तारेच्या पोटात प्रकाशतंतू घातलेले असतात आणि उपकेंद्रांमधली डिजिटल माहिती त्यांतून वाहते. खाली लाखो व्होल्टचा दाब आणि वर आकाशातील वीज, तरी आकडे बिनचूक पोहोचतात. एवढ्या निकट सान्निध्यात जे घडते, ते पाहता दिवाणखान्यातील दीड मीटर डिजिटल केबलला जवळच्या पंख्याच्या किंवा फ्रिजच्या वायरीपासून ‘विशेष संरक्षण’ हवे, हा दावा फारसा टिकत नाही.

बिघडलेली केबल कशी ओळखावी?

याचा अर्थ डिजिटल केबल कधी बिघडतच नाही असा नव्हे. ती बिघडते, परंतु तिचा बिघाड हळुवार नसतो. आकडे चुकू लागले की आवाजात टिकटिक, चटके किंवा क्षणभराची शांतता येते. बिघाड वाढला की आवाज पूर्ण बंद होतो. एचडीएमआय केबलच्या बाबतीत त्याआधीच पडद्यावर पांढरे ठिपके चमकू लागतात किंवा चित्र मधूनमधून नाहीसे होते.

आवाज थोडासा कोरडा झाला, गायकाचा स्वर किंचित मागे सरकला, तबल्याच्या बायाची घुमार कमी झाली, अशी लक्षणे डिजिटल केबलच्या बिघाडाची नव्हेत. ज्या केबलवर ठिपके नाहीत, चटके नाहीत आणि खंड नाही, ती आपले काम पूर्ण करीत आहे असे समजावे. तिच्या जागी दहापट किमतीची केबल आणल्यास तेच आकडे त्याच क्रमाने पोहोचतील.

केबलचे प्रकार आणि त्यांच्या खऱ्या मर्यादा

ऑप्टिकल केबल : ही पद्धत तोशिबा कंपनीने १९८३ मध्ये आणली. साधारण एक मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिक तंतूतून तांबडा प्रकाश जातो. तीत विद्युत प्रवाह नसल्याने विद्युत खरखर तीत शिरूच शकत नाही. घरगुती वापरात पाच मीटरपर्यंतची लांबी सहसा निर्धोक ठरते. ही केबल फार घट्ट वळवू नये, भिंतीशी दाबू नये आणि टोकांवरची टोपणे केबल लावेपर्यंत काढू नयेत. टोकाला धूळ बसल्यास प्रकाश क्षीण होतो. या केबलच्या टोकाला सोन्याचा मुलामा असेल तर तो केवळ शोभेचा समजावा, कारण तिथून वीज वाहतच नाही.

कोअॅक्सियल केबल : हिच्या टोकाला नेहमीची गोल आरसीए पिन असते. आतील तार व भोवतीची जाळी यांच्या रचनेमुळे तिची प्रतिबाधा ७५ ओहम असणे आवश्यक आहे. तशी नसल्यास संकेताचा काही भाग टोकावरून परावर्तित होतो. लांब अंतरावर हा दोष महत्त्वाचा ठरतो. जुन्या डीव्हीडी प्लेअरबरोबर येणारी पिवळ्या पिनांची चित्रवाहक केबल बहुधा याच ७५ ओहमची असते आणि ती या कामी चालते.

एचडीएमआय : सात कंपन्यांच्या सहकार्यातून २००२ मध्ये या मानकाचा जन्म झाला. यातून चित्र आणि आवाज एकत्र जातात. आवाजाच्या तुकड्यांबरोबर चूक दुरुस्त करणारे जादा आकडेही पाठवले जातात. आठ वाहिन्यांचा, २४ बिटांचा आणि सेकंदाला १,९२,००० मोजण्यांचा उच्च दर्जाचा ध्वनी घेतला, तरी त्याला सेकंदाला सुमारे ३ कोटी ७० लाख बिट लागतात. ‘प्रीमियम हाय स्पीड’ प्रमाणित केबलची क्षमता सेकंदाला १,८०० कोटी बिटांची आहे. म्हणजे केबलचा कस लागतो तो चित्रासाठी. फोर-के चित्र जी केबल निर्वेध दाखवते, तिला आवाज वाहणे मुळीच जड नाही. येथे किंमत पाहण्यापेक्षा वेष्टनावरील प्रमाणपत्राचे लेबल पाहावे. लेबलवरील चौकोनी संकेतचिन्ह मोबाइलने तपासता येते. लांबी वाढत जाईल तसे चांगल्या बनावटीचे महत्त्वही वाढते, हे मात्र खरे.

यूएसबी : संगणकातून डीएसीकडे ध्वनी नेण्यासाठी हिचा वापर होतो. यूएसबी २.० चा वेग सेकंदाला ४८ कोटी बिटांचा, तर दोन वाहिन्यांच्या २४ बिटी, १,९२,००० मोजण्यांच्या ध्वनीला एक कोटीहूनही कमी बिट पुरतात. ध्वनीच्या वहनात चुकलेला तुकडा पुन्हा मागवण्याची सोय सहसा नसते, परंतु मानकात बसणाऱ्या व पाच मीटरच्या मर्यादेतील केबलवर चुका क्वचितच होतात. झाल्या तर त्या चटक्यांच्या रूपाने ऐकू येतात.

नेटवर्क केबल : इंटरनेटवरून ऐकल्या जाणाऱ्या संगीतात तर चुकलेला तुकडा पुन्हा मागवून घेतला जातो आणि पुढचे काही सेकंद आधीच साठवून ठेवलेले असतात. ते संगीत समुद्राखालून हजारो किलोमीटर आलेले असू शकते. शेवटच्या एका मीटरला भारी केबल लावून त्या आकड्यांत काही भर पडत नाही.

काळाची थरथर

महाग केबलचे समर्थक एक अधिक गंभीर युक्तिवाद करतात. आकडे बरोबर असणे पुरेसे नाही, ते वेळेवरही पोहोचले पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे असते. आकड्यांच्या आगमनातील या सूक्ष्म अनियमिततेला ‘जिटर’ म्हणतात. हा युक्तिवाद पोकळ नाही. ऑप्टिकल आणि कोअॅक्सियल जोडणीत घेणारे उपकरण आपला ताल येणाऱ्या संकेतावरूनच धरते आणि निकृष्ट केबल त्या तालात थरथर आणू शकते.

ही थरथर कानाला केव्हा कळते हा खरा प्रश्न. डॉल्बी प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उंच पट्टीच्या शुद्ध स्वरांवर सुमारे १० नॅनोसेकंदांची थरथर सरावलेल्या श्रोत्यांना जेमतेम ओळखता आली. प्रत्यक्ष संगीतात त्याहून अधिक थरथर लागली. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. जपानमधील संशोधकांनी २००५ मध्ये संगीतावर केलेल्या प्रयोगांत अनियमित स्वरूपाची थरथर काही शे नॅनोसेकंदांपर्यंत गेल्यावरच ओळखू आली. घरातील आखूड केबलमुळे येणारी थरथर यापेक्षा पुष्कळच कमी असते. शिवाय आजचे डीएसी येणारा संकेत प्रथम साठवून किंवा गाळून आपल्या घड्याळाच्या ठोक्यावर पुढे सोडतात. यूएसबीच्या प्रचलित पद्धतीत तर ताल डीएसीच ठरवतो आणि संगणक त्याच्या मागणीप्रमाणे आकडे पुरवतो. जिटर ही वास्तव गोष्ट आहे. तिच्यावरील उपाय मात्र डीएसीच्या रचनेत सापडतो, केबलच्या किमतीत नव्हे.

हमिंगचा खरा उगम

एक तक्रार मात्र केबलशी निगडित आणि पूर्णतः खरी आहे. साऊंडबार किंवा अॅम्प्लिफायर लावला की संथ ‘हूं’ असा आवाज सतत येत राहतो. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते. ती ५० किंवा १०० आवर्तनांची घूम म्हणजे हे हमिंग. दोन उपकरणांचे अर्थिंग वेगवेगळ्या ठिकाणी असेल आणि धातूच्या केबलने ती जोडली गेली, तर अर्थिंगचे एक वेटोळे तयार होते आणि त्यातून नको असलेला प्रवाह फिरतो. आकडे तेव्हाही बिनचूकच असतात. तो प्रवाह अॅम्प्लिफायरच्या अॅनालॉग भागात शिरतो आणि तिथून ऐकू येतो.

केबल टीव्हीची तार एका दिशेने आलेली आणि अॅम्प्लिफायर दुसऱ्या खोलीच्या बोर्डावर लावलेला, अशा घरांत हा त्रास अधिक दिसतो. सर्व उपकरणे एकाच बोर्डावर लावून पाहणे हा पहिला उपाय. त्याने न भागल्यास कोअॅक्सियल केबलच्या जागी ऑप्टिकल केबल लावावी. तिच्यात धातूचा संबंध नसल्याने वेटोळे तुटते. येथे केबल बदलल्याने आवाज खरोखरच सुधारतो, पण तो केबलचा प्रकार बदलल्यामुळे, भारी किंमत दिल्यामुळे नव्हे. हमिंग घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. तो जिवावर बेतू शकतो. तसे कदापि करू नये.

मग फरक ऐकू येतो तो कशाचा?

नवी केबल लावल्यावर आवाज बदलला असे अनेकजण प्रामाणिकपणे सांगतात. त्यांना खोटे ठरवण्याची गरज नाही. फरक पुष्कळदा खराच असतो, फक्त त्याचे श्रेय भलत्याच ठिकाणी दिले जाते.

पहिले कारण ध्वनीच्या स्वरूपातील बदल. ऑप्टिकल जोडणीतून दोन वाहिन्यांचा मूळ ध्वनी किंवा संक्षेपित बहुवाहिनी ध्वनी जाऊ शकतो. डॉल्बी ट्रूएचडीसारखी मोठ्या आकाराची स्वरूपे तीत मावत नाहीत. त्यासाठी एचडीएमआयची वाट धरावी लागते. २००९ मधील एआरसी आणि २०१७ मधील ईएआरसी या सुविधांमुळे टीव्हीतील ध्वनी एचडीएमआयवरून साऊंडबारकडे परत नेता येतो. तेव्हा ऑप्टिकल काढून एचडीएमआय लावल्यावर सिनेमाचा आवाज भरीव वाटू लागला, तर तो वेगळ्या आकड्यांचा परिणाम असतो. कमी किमतीच्या एचडीएमआय केबलनेही तो मिळाला असता. त्याचप्रमाणे टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ आणि ‘बिटस्ट्रीम’ यांतील निवड बदलली गेली, तरी ऐकण्यात ठळक फरक पडतो.

दुसरे कारण आवाजाची पातळी. एकच गाणे किंचित मोठ्याने वाजवले तर मनाला ते मोठे वाटत नाही, अधिक चांगले वाटते. म्हणून गंभीर श्रवणचाचण्यांत दोन्ही बाजूंची पातळी डेसिबलच्या दहाव्या भागाइतकी काटेकोर जुळवतात.

तिसरे कारण अपेक्षा. जे महागड्या किमतीला घेतले ते उत्तम असणारच, या भावनेने कान अधिक एकाग्र होतात आणि पूर्वीपासून असलेला एखादा बारकावा आज प्रथम लक्षात येतो. ही माणसाच्या मनाची स्वाभाविक रीत आहे. औषधांच्या चाचणीत रुग्णाला आणि डॉक्टरलाही खरे औषध कोणते हे कळू देत नाहीत ते यासाठीच. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९४ पासून ध्वनीतील सूक्ष्म बिघाडांच्या परीक्षणासाठी जी शिफारस लागू केली, तिच्यातही अशीच दुहेरी आंधळी चाचणी सांगितली आहे.

घरच्या घरी परीक्षा

ही परीक्षा घरातही घेता येते. ओळखीची एक ध्वनिमुद्रिका निवडावी. त्यात तानपुऱ्याची जवारी, तबला आणि मोकळा स्वर असल्यास उत्तम. पडद्याआड बसलेल्या घरातील एका व्यक्तीने नाणे उडवून केबल निवडावी, ती लावावी आणि कागदावर नोंद करावी. ऐकणाऱ्याने केवळ ऐकून आपले उत्तर वेगळ्या कागदावर लिहावे. पातळी, सेटिंग आणि बसण्याची जागा बदलू नये. केबल बदलली नाही तरी ती काढून पुन्हा लावावी, म्हणजे खुडबुडीवरून अंदाज बांधता येत नाही.

असे १६ वेळा करावे. निव्वळ अंदाजाने साधारण आठ उत्तरे बरोबर येतील. बारा किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता अंदाजपंचे चारपेक्षा कमी टक्के आहे. तेवढी बरोबर आली, तर फरक खरोखर ऐकू येत असण्याचा संभव मानावा आणि चाचणी पुन्हा करून पाहावी. आठ-नऊवरच गाडी अडली, तर केबल परत करून पैसे मागावेत. म्हणून बदलून देण्याच्या मुदतीची नोंद पावतीवर असणे महत्त्वाचे आहे.

पैसा कोठे खर्चावा?

वाचलेल्या पैशांना आवाज सुधारण्याच्या कितीतरी चांगल्या वाटा आहेत. त्यात पहिला मान स्पीकरचा. ध्वनीच्या साखळीतील सर्वाधिक दोष स्पीकरमध्ये असतात आणि म्हणून सर्वाधिक सुधारणाही तिथेच शक्य असते. दुसरा मान खोलीचा. उघड्या फरशीच्या, मोकळ्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो. जाड पडदे, सतरंजी आणि पुस्तकांचे कपाट यांनी तो आटोक्यात येतो. स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यातून थोडा पुढे ओढल्यास बासची गर्दी कमी होते आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

स्पीकरला जाणारी वायर ही अॅनालॉग असते, हेही ध्यानात ठेवावे. तिच्यात जाडीला अर्थ आहे. दहा मीटर अंतरावर ०.७५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर नेल्यास जाऊन-येऊन रोध सुमारे ०.४६ ओहम होतो. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत तो ०.१४ ओहमवर येतो. चार ओहमच्या स्पीकरला हा फरक नगण्य नाही. पण त्यासाठीही जाड तांबे पुरते, सोनेरी वेष्टन लागत नाही.

ग्राहकाचे हक्क

ग्राहकाच्या हितासाठी संघटित होण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीची चळवळ उभारली. ग्राहकाने प्रश्न विचारावा आणि पावती घ्यावी, ही तिची शिकवण केबलच्या खरेदीलाही लागू पडते. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तूच्या गुणवत्तेविषयी दिशाभूल करणारी जाहिरात हा कारवाईचा विषय आहे. तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागण्याची सोय या कायद्याने दिली. कंपनीचे कार्यालय मुंबईत किंवा परराज्यात असले, तरी मौद्यातील रहिवाशाला नागपूरच्या जिल्हा आयोगाकडे जाता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीविषयीच्या तक्रारीला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर दूरध्वनी करून मार्गदर्शन घेता येते.

‘या केबलने आवाज सुधारेल’ असे सांगणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात. कोणत्या मानकाचे प्रमाणपत्र आहे? किती मीटरपर्यंत ती कोणता वेग पेलते? फरक न जाणवल्यास किती दिवसांत परत घ्याल, हे पावतीवर लिहून द्याल काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे वेष्टनावर छापलेली असावीत. तिसऱ्याचे उत्तर विक्रेत्याचा स्वतःच्या बोलण्यावर किती विश्वास आहे ते सांगते.

थोडक्यात, डिजिटल केबल घेताना ती योग्य प्रकारची, प्रमाणित, गरजेपुरत्या लांबीची आणि घट्ट बसणाऱ्या पिनांची असावी. अगदी निकृष्ट केबल टाळावी, कारण ती लवकर तुटते आणि खंड पाडते. या अटी पूर्ण करणारी केबल बहुधा काही शे रुपयांत मिळते. त्यापुढे मोजलेला प्रत्येक रुपया टिकाऊपणासाठी, दिसण्यासाठी किंवा हौसेसाठी असू शकतो. हौसेला मोल नसते आणि ती करण्यात गैरही काही नाही. तो रुपया आवाजासाठी मोजला, अशी समजूत मात्र करून घेऊ नये.